सहा जणांची फाशी, सोळा वर्षं आणि पोलिसांचा एक अल्बम

(भागाचं लेखी रूप. 'अं', 'म्हणजे' वगैरे कापलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जड आहे, आधीच सांगते. खून, बलात्कार, फाशी असे विषय आहेत. आजूबाजूला लहान मुलं असतील तर हेडफोन लावा. आज ऐकायची इच्छा नसेल तर खुशाल दुसरा भाग लावा, मला राग येणार नाही. मागं घरघर ऐकू येतेय ती कूलरची. मी सध्या बुलढाणा जिल्ह्यात घरी आहे, इथूनच ऑफिसचं काम चालू आहे, आणि मे महिन्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करायची माझी तयारी नाही.

विषय फाशीचा. सस्पेन्स नको म्हणून माझं मत आत्ताच सांगून टाकते. मला फाशीची शिक्षा नको आहे. कुणालाच. आता ज्यांना इथंच बंद करायचंय त्यांनी करा, पण माझी एक विनंती आहे, निदान भोकरदनपर्यंत तरी सोबत या. बुलढाण्याहून धाडच्या रस्त्यानं निघालं की धाडच्या पुढं जिल्हा संपतो, जालना जिल्हा लागतो, आणि भोकरदन येतं. आपल्याकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही, बाजाराला, लग्नाला आपण जातोच तिकडं. तिथं आपण जाऊच, पण आधी चिखली.

चिखलीत २०१९ साली एका लहान मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. बारा वर्षांखालची मुलगी. तपशील सांगणार नाही, त्याची गरज नाही. २०२० मध्ये बुलढाण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. बारा वर्षांखालच्या मुलीवर सामूहिक बलात्कार केला तर फाशीपर्यंत शिक्षा देता येते, ही तरतूद २०१८ मध्ये कायद्यात आली होती. त्यामुळं मृत्युदंड म्हणजे दिल्लीच्या टीव्ही चॅनलवरची चर्चा असं आपल्याला म्हणता येत नाही. आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात ती सुनावली गेलीय.

माझी ताई चिखली तालुक्यात दिलेली आहे. तिची मुलगी आता तिसरीत. मी घरी फाशीच्या विरोधात बोलले की ताई पोळ्या लाटता लाटता लाटणं खाली ठेवते. ती एकच प्रश्न विचारते. "मले सांग, आपल्या छकुलीसोबत असं झालं असतं त तू हेच म्हटलं असतं काय?"

हा प्रश्न टाळून फाशीवर बोलणाऱ्या लोकांचा मला कंटाळा आलाय. इंग्रजीत लिहिलेले मोठमोठे लेख असतात, त्यात मानवी हक्क असतात, युरोप असतो, आणि ताईचा प्रश्न कुठंच नसतो. म्हणून उत्तर देते. छकुलीसोबत असं झालं असतं तर मी त्या माणसाला स्वतःच्या हातानं मारायला निघाले असते. हे मी लपवत नाही. आणि म्हणूनच निकाल माझ्या हातात, ताईच्या हातात, छकुलीच्या बापाच्या हातात ठेवलेला नाही. आपल्याला राग यायचा पूर्ण हक्क आहे. पण समोर उभा केलेला माणूस तोच आहे का, हे रागाला तपासता येत नाही. जो हातात सापडला तो आपल्याला गुन्हेगार दिसतो.

तर आता भोकरदन.

५ जून २००३. नाशिकजवळ बेलतगव्हाण शिवारात एक कुटुंब पेरूची बाग सांभाळत होतं, बागेतच झोपडीत राहायचं. रात्री काही जण घुसले. लूट केली, घरातल्यांना बांधलं, मारलं. पाच जणांचा जीव गेला. त्यात एक शाळकरी वयाची मुलगी होती, तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं होतं. घरातले दोघं वाचले. गुन्हा इतका भयानक होता की निकालपत्र वाचताना मी दोनदा मोबाईल उलटा ठेवला.

पोलिसांनी सहा जण पकडले. जालना जिल्ह्यातले, भोकरदनकडचे. भटक्या जमातीतले, मजुरी करणारे, अत्यंत गरीब. आपल्याकडं गावाबाहेर पालं पडली की रात्री कुणाच्या घरी चोरी झाल्यावर सकाळी पोलीस आधी कुठं जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा. तो १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस ठाण्यातल्या सवयी मात्र अशा तारखा पाळत नाहीत.

२००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेप केली. दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं ज्या तिघांना जन्मठेप होती त्यांनाही परत फाशी दिली. म्हणजे सहाच्या सहा. इथं थोडं थांबा. आपली एक समजूत असते ना, की खालच्या कोर्टात चूक झाली तर वरच्या कोर्टात दुरुस्त होते? इथं वर जाता जाता चूक मोठी झाली.

एक गोष्ट तर मला अजून पचत नाही. कुणाला फाशी द्यायची हे ठरवताना फक्त गुन्हा बघायचा की माणूसही बघायचा, असा एक जुना प्रश्न आहे. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच फाशी, असं ठरवलं आणि दोन्ही बघा म्हणाले. गुन्हाही आणि माणूसही. तो सुधारू शकतो का, तो कुठून आला, सगळं. पुढं १९९६ च्या एका राजस्थानातल्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी फक्त गुन्ह्यावर भर दिला, आणि अनेक निकालांत तोच धागा पकडला गेला. या सहा जणांच्याही. आणि ३० एप्रिलनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १३ मे २००९ ला, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात, संतोष बरियार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की तो १९९६ चा निकाल बच्चन सिंगला सोडून दिलेला होता, त्याच्यावर विसंबणं चूक होतं. दोन आठवडे! आमच्याकडं सिस्टीममधला बग सापडला तर तो आला त्या तारखेपासूनचे सगळे रेकॉर्ड परत तपासतात. इथं फाशीचे कैदी तसेच आत राहिले. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की या चुकीच्या धाग्यावर १३ जणांना फाशी सुनावलीय, ती रद्द करा. त्या १३ मध्ये हे सहा होते. सहातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे सिद्ध व्हायला २०१२ उजाडलं. अल्पवयीन मुलाला कायद्यानं फाशी देताच येत नाही. त्याच्या आयुष्यातली नऊ वर्षं तोवर गेली होती.

पण हे सगळं शिक्षेबद्दल झालं. ते सहा जण तिथं होते का नव्हते, हा प्रश्न अजून यायचाच आहे.

त्यांचा पुनर्विचार अर्ज एकदा फेटाळला गेला होता. २०१४ मध्ये वेगळ्याच एका खटल्यात असं ठरलं की फाशीच्या कैद्याचा पुनर्विचार अर्ज न्यायमूर्तींनी चेंबरमध्ये वाचून निकाली काढायचा नाही, उघड्या कोर्टात सुनावणी घ्यायची. त्यामुळं यांचं प्रकरण परत उघडलं. नुसतं या नियमामुळं! तो नियम दोन-चार वर्षं उशिरा आला असता तर? असो. ५ मार्च २०१९ ला न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती अब्दुल नझीर आणि न्यायमूर्ती शहा यांच्या पीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. शिक्षा कमी केली नाही, निर्दोष सोडलं.

कारण काय? पोलिसांचा एक अल्बम.

वाचलेल्या साक्षीदारापैकी एकानं, घटना ताजी असताना, ७ जून २००३ ला, पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार जणांना ओळखलं होतं. हे चार जण म्हणजे या सहांपैकी कुणी नव्हतं. वेगळेच चौघं. ही ओळख कागदावर होती. पण ती खटल्यात पुढं आणलीच नाही. त्या चौघांचा तपास का झाला नाही, याचं उत्तर नव्हतं. नंतर याच साक्षीदारांनी या सहांना ओळखलं, आणि त्याच ओळखीवर तीन कोर्टांत फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तपासात गंभीर दोष आहेत, हे लोक भटक्या जमातीतले, समाजाच्या तळातले गरीब मजूर आहेत, आणि त्यांना खोटं गुंतवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. चुकलेल्या अधिकाऱ्यांना शोधून, अजून नोकरीत असतील तर त्यांच्यावर खात्यांतर्गत कारवाई करा, असंही सांगितलं.

आणि सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. सोळा वर्षं तुरुंगात. सवय आहे म्हणून मी हिशेब केला. दिवसाला साधारण ८५ रुपये. त्या काळात आपल्याकडं रोजगार हमीवर माती उचलायला गेलेल्या माणसाला दिवसाचे दोनशेच्या वर मिळत होते.

आता माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगते, ऐकून कंटाळू नका. आमच्याकडं प्रोडक्शनवर काहीही टाकताना पहिला प्रश्न असतो, परत फिरता येईल का? रोलबॅक आहे का? नसेल तर ते बटन दाबायला कुणी तयार होत नाही, मग तो कितीही सिनियर असू दे. आणि हे साधं पैशाचं ॲप असतं हो, फार तर कुणाचं रिचार्ज अडकतं. या सहांना सोळा वर्षं परत मिळाली नाहीत, पण ते स्वतः घरी गेले. २००९ ते २०१९ च्या मध्ये कधीही दोर ओढला गेला असता तर तो अल्बम कुणी उघडलाच नसता. मेलेल्या माणसाचा पुनर्विचार अर्ज कोण चालवणार?

"अशी एखादीच केस असते," असं मला ऑफिसमधला एक जण म्हणाला. नाही रे बाबा. दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासगटानं २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांवर मोठा अहवाल काढला, तुरुंगात जाऊन मुलाखती घेऊन. खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी वरपर्यंत टिकणाऱ्या पाच टक्क्यांच्या आसपास निघाल्या. बहुतेकांची जन्मठेप झाली, आणि तीसेक टक्के माणसं चक्क निर्दोष सुटली. प्रत्येक सुटलेला माणूस खरोखर निष्पाप असतो असं मी म्हणत नाही, पुरावा कमी पडला म्हणूनही सुटतात. पण एखादं मॉडेल शंभरातल्या तीस वेळा 'याला मारा' म्हणतंय आणि नंतर 'पुरावाच नव्हता' म्हणतंय, तर ते मॉडेल तुम्ही कुठल्या कामाला लावाल? मी तर गाण्याची प्लेलिस्ट बनवायलाही लावणार नाही. आणि त्याच अहवालात आहे की फाशीच्या कैद्यांपैकी चारातले तीन जण आर्थिकदृष्ट्या कमकुवत. मोठा वकील लावण्याची ऐपत असलेला माणूस त्या यादीत शोधून बघा.

पुण्याचं अजून एक प्रकरण आहे, पटकन सांगते. १९९४ मध्ये एका कुटुंबातल्या सात जणांचा खून झाला. राजस्थानातून आलेल्या एका मुलाला त्यात फाशी झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या दाखल्यावरून मान्य केलं की घटनेच्या वेळी तो १२ वर्षांचा होता. बारा! त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. हा २८ वर्षं आत होता. आपल्या नागपूरच्या तुरुंगातून सुटला. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच ठिकाणी आहे, नागपूर आणि येरवडा. म्हणजे त्यानं ती जागा किती वर्षं शेजारून बघितली असेल, विचार करा.

आता दुसरी बाजू. लोक म्हणतात, फाशी झाली की पटकन न्याय मिळतो. पटकन? कोल्हापूरच्या त्या दोन बहिणी आठवतात? मुलं पळवून मारल्याच्या प्रकरणातल्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित. २००१ मध्ये फाशी सुनावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. दयेच्या अर्जाची फाईल मुंबई-दिल्ली फिरत राहिली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी तो फेटाळला. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून जन्मठेप केली, कारण सरकारनं दयेच्या अर्जावर ७ वर्षं १० महिने लावले. त्या लहान लेकरांच्या आयांनी इतकी वर्षं दर वेळी पेपर उघडून काय बघितलं असेल? आज होणार, उद्या होणार. साधी जन्मठेप दिली असती तर विषय २००६ मध्ये संपला असता.

आणि आपल्या शेजारच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांनी बऱ्याच जणांच्या फाशीची जन्मठेप केली. त्यातल्या कर्नाटकातल्या एका कैद्याला २०१२ मध्ये दया मिळाली. तो २००७ मध्येच तुरुंगात मेला होता. फाईलला कुणी सांगितलंच नव्हतं! हसू नये, पण मला हसू आलं. आपल्याकडं सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव वीस वर्षं राहतं, तसंच.

आता मुलींसाठी बोलते, मुलांनीही ऐका. मी पुण्यात कंपनीच्या कॅबनं रात्री अकराला, बाराला घरी जाते. बाई शेवटची उतरणार असेल तर गाडीत गार्ड असतो. या नियमामागं एक मेलेली मुलगी आहे. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका मुलीला कंपनीच्या कॅबचा ड्रायव्हर आणि त्याच्या मित्रानं गहुंजेकडं नेऊन, बलात्कार करून मारलं. मी तेव्हा शाळेत होते. दोघांना फाशी झाली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली, २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला, आणि जून २०१९ ची तारीखही निघाली होती. मग उच्च न्यायालयानं उशिराच्या कारणावरून ३५ वर्षांची कैद केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम ठेवलं.

इतकी वर्षं कॅबमध्ये बसताना मी काय बघते? गार्ड आहे का. ॲपवर गाडीचं लोकेशन चालू आहे का. ड्रायव्हरची पोलीस पडताळणी झालीय का. तो दोर नागपूरला तयार आहे का येरवड्याला, हा विचार मला कधी आलेला नाही, आणि खात्रीनं सांगते, त्या ड्रायव्हरलाही आला नव्हता. गुन्हा करणारा माणूस शिक्षेचा तक्ता वाचून निघत नाही. त्याला वाटतं, आपण सापडणार नाही. मग भीती घालायची तर सापडण्याची घाला. गावात पोरीची तक्रार लिहून घेताना ठाण्यात आई-बापाला चार तास बसवू नका. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला नमुना महिनोन्महिने पडून राहू देऊ नका.

आणि अजून एक, हे जरा नाजूक आहे. मुलींवरचे बहुतेक अत्याचार ओळखीच्या माणसाकडून होतात. शेजारी, काका, मामा, शिकवणीचा सर. आता त्या पोरीनं तोंड उघडलं तर काका फासावर जाणार असं घरात सगळ्यांना माहीत असेल, तर तिचं तोंड कोण उघडू देईल? आज्जीच म्हणेल, गप बस. आणि ज्याला माहितेय की बलात्कारालाही फाशी आणि खुनालाही फाशी, त्याला ती पोर जिवंत ठेवून साक्षीदार तयार करण्यात काय फायदा? निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली होती, देश पेटलेला असताना. त्या समितीनंही २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. ताईला हे मी सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा काहीच बोलली नाही. पटलं असं नाही. पण लाटणं परत उचललं.

मग कसाबचं काय? हा प्रश्न येणारच. आणि इथं माझं उत्तर तितकं गुळगुळीत नाही. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी दिली. तो कोण होता यात शंका नव्हती, सीएसटीवरचा त्याचा फोटो सगळ्या जगानं बघितला होता. अल्बमचा प्रश्नच नव्हता. २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं फाशी बंद करा असं सुचवलं, तेव्हाही दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध वगळलं होतं. कसाबसाठी मला रडू आलं नाही, आणि मी आलं असं नाटकही करणार नाही.

माझी अडचण पुढं आहे. कायदा एकट्या कसाबसाठी लिहिता येत नाही. 'दहशतवाद' असं लिहिलं की त्या खान्यात कुणाला टाकायचं हे परत तपासावर येतं. ११ जुलै २००६ चे मुंबईचे लोकल स्फोट. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. फाशीतला एक जण तोवर नागपूरच्या तुरुंगात वारलेला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यानं सुटलेल्यांना परत तुरुंगात घातलं नाही, पण तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका असं सांगितलं. म्हणजे अंतिम शब्द मी तरी बोलू नये. पण ज्या पुराव्यावर एक कोर्ट माणूस मारायला निघतं, त्याच पुराव्यावर दुसरं कोर्ट त्याला घरी पाठवतं. यातलं एक तर चुकलंच असणार ना? मग कुठलंही चुकलं तरी माणूस जिवंत हवा.

याच्याही पुढं जाऊन काही जण म्हणतात, कोर्टच नको, एन्काउंटर करा. हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये चौघांना पोलिसांनी मारलं तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली होती लोकांनी, आमच्या ऑफिसात टाळ्या वाजल्या. नंतर सर्वोच्च न्यायालयानं चौकशी आयोग नेमला, न्यायमूर्ती सिरपूरकर, आपले नागपूरचे. २०२२ मध्ये आयोगानं सांगितलं की पोलिसांनी ठरवून गोळ्या घातल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती बातमी वाचली असेल? भोकरदनच्या सहांचंही २००३ मध्येच असं केलं असतं तर आपण त्यांना आजही नराधम म्हणत असतो.

आणखी एक नाव घेते, कारण फाशीला विरोध म्हणजे परदेशी फॅड, असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. ३ जून १९४९. संविधान सभेत चर्चा चालली होती की फाशी झालेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा म्हणाले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला माझा पाठिंबा राहील. अहिंसा हे या देशानं नैतिक तत्त्व म्हणून मानलंय, सगळे पाळत नसले तरी, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या माणसानं कायदा कोळून प्यायला होता आणि गरिबाला कायदा कसा लागतो हे अंगावर सोसलं होतं, त्याचं हे मत. आपल्याकडं १४ एप्रिलला डीजे लागतो गावोगावी, मी पण नाचलेय. हे मत मात्र मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

मग करायचं काय? सोडून द्यायचं? अजिबात नाही. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. न्यायालयं आता तीस वर्षं, पस्तीस वर्षं, मरेपर्यंत अशी कैद देतात, आणि मला ती चालते. आत टाका, बाहेर येऊ देऊ नका, पण चूक सापडली तर दार उघडता येईल एवढं ठेवा. आणि ज्या घरात हे घडलं त्या घराकडं बघा. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, अत्याचार झालेल्या मुली-बायांसाठी पैसे आणि समुपदेशन. तुमच्या गावात कुणाला गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, बुलढाण्यातही आहे. फाशीसाठी निघालेल्या मोर्च्यात शे-पाचशे माणसं येतात. खटला चालू असताना त्या आईसोबत तारखेला एसटीनं जायला किती जण येतात?

आणि शेवटी त्या पेरूच्या बागेत परत जायला हवं, कारण सगळे त्या सहा जणांवर बोलून थांबतात. मीही आत्तापर्यंत तेच केलं. ज्या दोघांचं अख्खं घर त्या रात्री गेलं, त्यांना सोळा वर्षं सांगितलं गेलं की गुन्हेगार सापडले, फाशी झाली, न्याय झाला. २०१९ मध्ये त्यांना कळलं की तसं काही झालेलंच नाही. अल्बममधून ज्या चौघांकडं बोट दाखवलं होतं, त्यांची चौकशी २००३ च्या जूनमध्ये, आठवडाभरात होऊ शकत होती. फाशी मागणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांना मला विचारायचंय की त्या दोघांना तुम्ही काय उत्तर द्याल.

ताईनं हा भाग ऐकायचं कबूल केलंय. तिला काय वाटलं ते तिच्याच आवाजात पुढच्या भागात घेते, ती तयार झाली तर. तोवर, बाय.